पहिल्यांदा ऊसतोडीला निघालाय? दवाखान्याची तयारी उचल घेतानाच करा

मी लग्नानंतर सात हंगाम कोयता धरला, सहा कोल्हापूर-सांगलीकडं अन एक कर्नाटकात, आता धारूर तालुक्यात आमच्या गावातच ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर चालवते. दसरा जवळ आला की नवीन जोड्या येतात आधारची झेरॉक्स काढायला, टोळी जमवून उचल म्हणजे हंगामाआधीचा ॲडव्हान्स देणाऱ्या मुकादमाला द्यायची असते म्हणून. लग्नाला सहा महिने पण झालेले नसतात. मी विचारते दवाखान्याचं काय काय सोबत घेतलं, तर एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. कोयते घेतले, पेटी घेतली, कोपीवर, म्हणजे तिकडच्या झोपडीवर, टाकायला ताडपत्री घेतली, दवाखान्याचं काय घ्यायचं असतं? दरवर्षी तेच तेच सांगून तोंड दुखतं म्हणून एकदाच लिहून काढलं, वाचा आणि टोळीच्या ग्रुपवर टाका.

सगळ्यात आधी खाड्याचा हिशोब

कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक, हे माहीतच असेल. पण एकजण पडला तरी खाडा, म्हणजे कामावर न आल्याची कपात, पूर्ण कोयत्याचा लागू शकतो हे नवीन माणसाला तिकडं गेल्यावर कळतं. आमच्या टोळीत दिवसाचा हजार रुपये खाडा होता, वर त्या दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळी. मग होतं काय की ताप आला की गोळी, कंबर धरली की इंजेक्शन, पाय सुजला तरी डोक्यावर मोळी, अन दवाखाना म्हणलं की "पट्टा पडल्यावर बघू". पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, पाच महिने जातात, तोवर साधं दुखणं ऑपरेशनवर आलेलं असतं. मी पाहिलेलं जवळजवळ प्रत्येक बिघडलेलं दुखणं डॉक्टरनं नाही, खाड्यानं बिघडवलेलं आहे.

म्हणून उचल ठरताना तीन गोष्टी बोलून घ्या. आजारपणाला खाडा किती अन तो दोघांचा का एकाचा. रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला गाडी कोणाची. आणि दवाखान्याचा खर्च मुकादमानं केला तर तो उचलीत चढणार का, चढला तर पावती दाखवणार का. मुकादम कागदावर लिहून देत नाही, मग चार माणसांसमोर बोला, नाहीतर व्हाट्सअपवर व्हॉइस मेसेज टाका, तो "हो हो बघू" म्हणला तरी ते राहतं आपल्याकडं. उचल हातात पडायच्या आधी तो आपल्या दारात येतो, नंतर आपण त्याच्या दारात जातो, त्यामुळं बोलायचं ते आधीच.

काहीजण विचारतात की कारखान्याच्या कामगारांसारखं ईएसआयसी, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, आपल्याला आहे का. नाही. आपण मुकादमाच्या हिशोबात असतो, कारखान्याच्या हजेरीवर आपलं नाव नसतं. म्हणून बाकीचं सगळं आपलं आपण जमवायचं.

कागदं: दसऱ्याच्या आधी, नंतर नाही

नवीन लग्न झालेल्या पोरींचं एक कायमचं लफडं असतं, माहेरच्या रेशनकार्डातून नाव कमी झालेलं नसतं नाहीतर झालेलं असतं पण सासरच्या कार्डात चढलेलं नसतं. म्हणजे ती ना इकडची ना तिकडची. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत दवाखान्यात पहिल्यांदा रेशनकार्डच बघतात, त्यामुळं नाव कमी केल्याचा दाखला आणून तहसीलच्या पुरवठा शाखेत नाव चढवून घ्या, आणि कार्ड ऑनलाइन झालंय का, त्याचा १२ अंकी नंबर कोणता, ते कागदावर लिहून ठेवा.

मग आयुष्मान कार्ड. आधारला जो मोबाइल नंबर जोडलाय तो चालू पाहिजे, ओटीपी त्यावर येतो. इथं एक गोष्ट कोणी सांगत नाही, ऊस तोडून तोडून बोटांचे ठसे झिजतात. पट्टा पडल्यावर लगेच आलेल्या बायांचे अंगठे माझ्या मशीनवर चार-चारदा लावले तरी उठत नाहीत. जायच्या आधी हात मऊ असतात तेव्हाच करा, आणि ठसा उठलाच नाही तर चेहऱ्यावरून पण होतं, सेंटरवाल्याला तसं सांगा, "उद्या या" ऐकून परत जाऊ नका.

ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र ग्रामसेवकाकडून घ्या. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या योजना त्या नोंदणीवर चालतात. कार्डानं आज काय मिळणार असं विचारणारे खूप असतात, पण नोंदच नसली तर उद्या काही झाल्यावर तुम्ही ऊसतोड मजूर होता हे सिद्ध करायला मुकादमाच्या पाया पडावं लागतं.

बँकेत २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा चालू करा, अपघाती मृत्यूला २ लाख आहेत. पण गंमत अशी की हे २० रुपये मे महिन्याच्या शेवटी कापतात अन नेमकं तेव्हा खात्यात काही नसतं, मग विमा बंद पडतो अन आपल्याला पत्ताच नाही. मे महिन्यात खात्यात शंभर रुपये राहू द्या, एवढंच.

या सगळ्याचे फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये. ओरिजनल पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत. एका साली आमच्या शेजारची कोपी जळाली, चुलीची ठिणगी पाचटात गेली, त्यात त्यांचं आधार-रेशन सगळं गेलं, अन नेमकं आठ दिवसांनी लेकराला ॲडमिट करायची वेळ आली.

निघायच्या आधी एकदा पीएचसीत जाऊन या

पीएचसी म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, एक सकाळ जाते. रक्तातलं हिमोग्लोबिन, बीपी, शुगर बघून घ्या आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दोघांनीही घ्या, कारण कोयता लागणार म्हणजे लागणारच. बाईचं हिमोग्लोबिन सात-आठ असेल तर ती डिसेंबरपर्यंत टिकणार नाही, चक्कर येऊन फडातच बसते. लोहाच्या गोळ्या आशाताईकडून फुकट मिळतात, दोन-तीन महिन्यांच्या एकदम मागून घ्या. चहासोबत घेऊ नका, लागत नाहीत.

पाळी चुकली असेल तर तिथंच लघवीची तपासणी करा. तिसऱ्या महिन्यात कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

बीपी, शुगर, फिट यांच्या गोळ्या चालू असतील तर जास्त दिवसांच्या घ्या आणि चिठ्ठीचा फोटो ठेवा. टीबीचा उपचार चालू असेल तर त्या माणसाला सोबत नेऊ नका हे माझं खरं मत, पण नेणारच असाल तर आधी पीएचसीत सांगून निक्षय आयडी, म्हणजे टीबी पेशंटचा सरकारी नंबर, लिहून घ्या, त्या नंबरावर देशात कुठंही पुढच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये पोषणाचे पण खात्यात येतात. गोळ्या मध्येच तुटल्या तर साधा टीबी बिघडून औषधाला दाद न देणारा होतो आणि कोपीत शेजारी झोपणाऱ्या लेकराला पण लागतो.

सोबत काय न्यायचं

फार नाही. ओआरएसची पंधरा-वीस पाकिटं, पॅरासिटामॉल, जखम धुवायला साबण अन बेटाडीन, गॉज आणि पट्टी, चांगली मोठी बॅटरी, मच्छरदाणी, पाच-सहा महिन्यांचे पॅड नाहीतर धुवून वाळवलेले सुती कपडे, जाड बूट. बूट चप्पल-विक्याकडचे नाही, घोट्याच्या वर येणारे. आमच्यात बाया बूट घालायला लाजतात, अंगठा तुटल्यावर लाज जाते.

तिकडं उतरल्यावर पहिले दोन दिवस

कोपी बांधून झाली की लगेच तीन गोष्टी शोधा: जवळची पीएचसी किंवा उपकेंद्र किती लांब, त्या गावची आशाताई कोण, अंगणवाडी कुठं. किराणा दुकानात विचारलं की पाच मिनिटांत कळतं. आशाताईला जाऊन सांगा की आमच्या अड्ड्यावर इतक्या कोप्या, इतकी लेकरं, इतक्या गरोदर. आपण परक्या गावचे म्हणून ती येणार नाही असं समजू नका, तिला पण नोंद पाहिजेच असते, आपण सांगितलं नाही तर तिला कळणार कसं.

दुसरं, पत्ता पाठ करा. हसू नका. १०८ ला फोन लावल्यावर पहिला प्रश्न "कुठून बोलताय" अन आपल्या माणसाला गावाचं नाव सांगता येत नाही, "कारखान्यापासून आत, कॅनॉलच्या पलीकडं" एवढंच येतं. रोज फड बदलतो त्यामुळं सकाळी स्लिपबॉयकडून, म्हणजे कारखान्याच्या तोड-चिठ्ठीवाल्या पोराकडून, शेतकऱ्याचं नाव अन गाव विचारून घ्यायचं. फोन केल्यावर एक माणूस बॅटरी घेऊन डांबरीवर उभा करायचा, नाहीतर गाडी पुढं निघून जाते. १०८ फुकट आहे, ड्रायव्हरला पैसे द्यायचे नाहीत. गरोदर बाई अन तान्ह्या लेकरासाठी १०२. साधी माहिती पाहिजे असली तर १०४.

तिसरं, खर्चाचं. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यात, म्हणजे पीएचसी, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा, सिव्हिल, इथं १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसुद्धा मोफत आहे. मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं त्यात येत नाहीत, कोल्हापूरचं सीपीआर असो का पुण्याचं ससून, तिथं थोडीफार फी लागते, पण खाजगीच्या मानानं काहीच नाही.

फडात काय होतं

कोयता लागणं. माझ्या दुसऱ्या हंगामात डाव्या नडगीवर कोयता बसला. पहाटेचे चार, बॅटरी तोंडात धरून तोडत होते, ऊस ओला होता अन कोयता सटकला. नवऱ्यानं हळद भरली, माझ्याच साडीचा काठ फाडून बांधला, अन गाडी भरायची होती म्हणून मी तशीच मोळ्या बांधत बसले. संध्याकाळी मुकादमाच्या माणसानं कारखान्याजवळच्या एका क्लिनिकवर नेलं. तीन टाके, एक इंजेक्शन, कागद काही नाही, बाराशे रुपये उचलीत चढले. धनुर्वाताचं दिलं का म्हणून विचारलं तर "सगळं दिलंय". चौथ्या दिवशी पाय कोहळ्यासारखा. शेवटी गावातल्या एका म्हातारीनं हाताला धरून ग्रामीण रुग्णालयात नेलं, तिथल्या सिस्टरनं टाके उसवून आतली हळद अन पाचटाचा तुकडा काढला. नऊ खाडे पडले. पहिल्याच दिवशी गेले असते तर दोन पडले असते.

तर जखम झाली की वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा, हळद-तंबाखू-माती काही भरायचं नाही, स्वच्छ कापडानं दाबून धरा, पाय वर ठेवा. खोल असेल तर त्याच दिवशी टाके, दुसऱ्या दिवशी टाके घालायला डॉक्टर पण कचरतात. अन कागद घ्यायचाच, काय इंजेक्शन दिलं ते लिहिलेला.

साप. कोपीत जमिनीवर झोपतो आपण, आणि मण्यार रात्रीच फिरते. ती चावली तर कधीकधी डाग पण दिसत नाही, पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात, माणूस म्हणतं पित्त झालं. घोणस पाचटात असते, चावली की सूज अन रक्त. काहीही असो, कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, देवळात न्यायचं नाही. हातपाय हलू न देता सरकारी दवाखाना गाठायचा, निघतानाच तिथं फोन करून लस आहे का विचारायचं. साप मारून पिशवीत न्यायची गरज नाही, नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींना लस एकच आहे. डॉक्टर काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं नुसतं ठेवतात, तेव्हा "काहीच करत नाहीत" म्हणून भांडू नका, रक्त गोठतंय का ते बघतात. झोपताना मच्छरदाणी चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचली तर साप, विंचू अन डास तिन्ही बाहेर.

विंचवाला हलकं घेऊ नका, विशेषतः लेकरांना. घाम फुटला, हातपाय गार पडले, धाप लागली तर लगेच उचला. यावरचा प्राझोसिन गोळीचा उपचार डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला बसून जगापुढं आणला, अन ते मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातले आहेत, हे आपल्याकडंच फार जणांना माहीत नसतं.

ऊन आणि पाणी. फेब्रुवारीनंतर फडात वारा लागत नाही, चहूबाजूनी ऊस. बाया पाणी पीत नाहीत कारण लघवीला आडोसा नाही. मग लघवीत जळजळ, ताप, कंबर, अन त्यावर दुखण्याच्या गोळ्या. पाणी कमी अन पेनकिलर रोज, हे दोन्ही मिळून किडनी खातं. लघवी चहासारखी गडद झाली तर पाणी वाढवा, डोकं फिरून माणूस बरळायला लागला तर सावलीत झोपवून अंगावर पाणी ओता अन १०८. रोज संध्याकाळी "अंग मोकळं" करणारं इंजेक्शन देणारे अड्ड्यावर फिरतात, त्यांच्यापासून लांब राहा. त्या सुईत काय आहे, कितीजणांना टोचलीय, देवाला माहीत.

कुत्रं चावलं तर पंधरा मिनिटं साबणानं धुवा अन लस त्याच दिवशी. पुढचे डोस येईपर्यंत टोळी दुसऱ्या गावात गेलेली असते, काही अडत नाही, कार्ड दाखवून कुठल्याही सरकारी दवाखान्यात पुढचा डोस घ्या.

बायांसाठी, पण पुरुषांनी पण वाचा

अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, पाळी मागंपुढं होणं, हे ऊसतोडीत बहुतेक बायांना कधी ना कधी होतं. पाणी नाही, आडोसा नाही, एकच कापड दिवसभर, वर जड ओझं. यातलं बरंचसं गोळ्यांनी बरं होतं. पण होतं काय की बाई दुखणं घेऊन दवाखान्यात जाते अन तिला सांगतात गर्भाची पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल, काढून टाका. बाईला पण वाटतं बरंच झालं, पाळीची कटकट गेली, खाडे वाचतील. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या वेळी बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायांचं सर्वेक्षण झालं, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली.

माझ्या जावेला तीस वर्षांची असताना हेच सांगितलं होतं. पैसे पण भरायला निघाले होते, उसने आणून. मी म्हणलं एकदा अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला दाखवू, मग बघू. तिथं सोनोग्राफी केली, पिशवी ठणठणीत, जंतूसंसर्ग होता. नवरा-बायको दोघांना गोळ्या दिल्या, पंधरा दिवसांत थांबलं. डॉक्टरनं दोघांना दिल्या तर दोघांनी खायच्या हे लक्षात ठेवा, तेव्हा एकट्या बाईनं खाऊन उपयोग नाही, परत होतं, अन इथंच घरातले गडी अडून बसतात.

पिशवी काढा म्हणलं तर हे करायचं: निदान काय ते लेखी मागा, सोनोग्राफीचा रिपोर्ट आपल्या हातात घ्या, अन दुसऱ्या दवाखान्यात, तो पण सरकारी, दाखवा. बीड जिल्ह्यात २०१९ पासून खाजगी दवाखान्याला पिशवी काढायच्या आधी सिव्हिल सर्जनची परवानगी घ्यावी लागते, ती घेतली का विचारा. नुसतं विचारलं तरी बोलण्याचा सूर बदलतो. कमी वयात पिशवी, त्यातून अंडाशय पण काढलं तर हाडं ठिसूळ होतात, अंगातून वाफा निघतात, कंबर कायमची जाते, अन काम मग जास्त दिवस नाही, कमी दिवस होतं.

गरोदर असाल तर माता-बाल कार्ड सोबतच पाहिजे. तिकडच्या उपकेंद्रात ते दाखवलं की तपासणी पुढं चालू राहते. सातव्या महिन्यानंतर मोळी डोक्यावर घ्यायची नाही हे घरच्यांनी ठरवायचं, ती स्वतः "मला जमत नाही" म्हणणार नाही. अन बाळंतपण तिकडं झालं तर जन्माचा दाखला तिथलाच मिळतो, आपल्या गावात नाही. टोळी हलायच्या आधी काढून घ्या. २१ दिवसांच्या आत नोंद फुकट आहे. नंतर शाळेच्या वेळी तीनशे किलोमीटर जाऊन दाखला आणणारे आईबाप माझ्या सेंटरवर दरवर्षी असतात.

लेकरांची लस कुठल्याही गावात मिळते, कार्ड दाखवा. ट्रॉलीखाली, ट्रॅक्टरच्या सावलीत लेकरू झोपवायचं नाही, यावर मी जास्त लिहीत नाही, ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे.

मोठं दुखणं निघालं तर

महात्मा फुले योजनेत अन आयुष्मानमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहे, पण तो यादीतल्या दवाखान्यात अन ॲडमिट झाल्यावर. साध्या तापाला, ओपीडीला नाही. दवाखान्यात शिरलं की काउंटरवर पैसे भरायच्या आधी आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा माणूस, कुठं बसतो ते विचारा. "आधी पैसे भरा, नंतर योजनेत बसवू" म्हणाले तर तिथूनच १५५३८८ ला फोन लावा. कर्नाटकात महात्मा फुले योजनेवर विसंबू नका, तिकडं आयुष्मान कार्डच कामाला येतं, आधी सरकारी दवाखाना गाठायचा अन तिथून पुढं. कन्नड येणारं कोणीतरी सोबत घ्या, मला तिथं पोटात कुठं दुखतंय ते बोटानं दाखवावं लागलं होतं.

अपघात झाला, ट्रॉली उलटली, कोणी दगावलं, तर रडारड बाजूला ठेवून एका माणसानं फक्त कागदांच्या मागं राहायचं. दवाखान्यात पोलिसांची नोंद, पंचनामा, मृत्यू असेल तर पोस्टमॉर्टेम. मुकादम म्हणतो बॉडी लगेच गावाकडं नेऊ, गाडी मी देतो. त्याची घाई आपल्या कामाची नसते, पोस्टमॉर्टेमशिवाय विम्याचा एक रुपया मिळत नाही. घरी दोन गुंठे का होईना सातबारा असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना बघा, मृत्यूला २ लाख, सर्पदंश पण त्यात येतो. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं ३० दिवसांत द्यायचा असतो, अन आपले निम्मे दिवस तिकडंच जातात, म्हणून गावातल्या कोणालातरी फोन करून पहिल्याच आठवड्यात फॉर्म आणायला लावा.

पट्टा पडल्यावर

गाडीतून उतरल्यावर दोन दिवस झोपा, मग दोघं मिळून परत पीएचसीत जा. खोकला दोन आठवड्यांच्या वर असेल तर थुंकी तपासा. जे दुखणं तिकडं गोळ्यांवर ढकललं ते आता दाखवा, आता खाडा नाही. तिकडचे सगळे केसपेपर एका पिशवीत घालून न्या, अन मुकादमाकडं हिशोबाला बसाल तेव्हा ती पिशवी घेऊनच बसा, दवाखान्याच्या नावावर उचलीत काय काय चढलंय ते एकेका कागदाशी ताडून बघा. माझ्या त्या बाराशे रुपयांना कागद नव्हता, ते मला भरावेच लागले. पुढच्या साली मी कागद मागून घेतला, त्यावर चारशे लिहिले होते.